ऐन डावात वाय-फाय का तुटतं?

परवा माझा भाचा रडवेला होऊन आला. "मावशी, रात्री ऐन डावात वाय-फाय तुटतं. मुलं म्हणतात, हरायला लागलास की पळतोस! आता टीममध्ये घेतच नाहीत."

पळपुटा म्हटलेलं कुणाला सोसेल? रात्री मी त्याच्या घरी जाऊन बसले. पीसीवर 'पिंग'ची कमांड देऊन राउटरलाच सारख्या हाका मारत राहिलो. राउटर 'ओ' देईना, तर दोष घरातला. 'ओ' देतोय तरी डाव तुटतोय, तर बाहेरचा. साडेआठला ताईनं मायक्रोवेव्हमध्ये भाजी ठेवली आणि राउटर गप्प! अहो, दोघांच्याही लहरी २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या. ओव्हनमधून थोड्या बाहेर झिरपतात (आपल्याला अपाय नाही बरं का!), आणि राउटर नेमका त्याच्याच वरच्या फळीवर.

मग ५ गिगाहर्ट्झवर जोडून पाहिलं. पण त्या लहरी भिंतींपुढे लवकर दमतात, आणि भाच्याची खोली दोन भिंतींपलीकडे. शेवटी सरळ लॅन केबल ओढली. ताईच्या पायात येते, ते सोडा! डाव काही तुटला नाही.

टीमनं परत घेतलंय त्याला. मायक्रोवेव्हची गोष्ट मात्र कुणालाच खरी वाटत नाही!