फोन मागणाऱ्या कागदावर सही कोणाची?

राळेगणसिद्धीचे नाव काढले की माहिती अधिकार आठवतो. नागरिकाला सरकारकडे कागद मागण्याचा हक्क मिळवून देण्यात या गावातून उभ्या राहिलेल्या आंदोलनाचा वाटा आहे. तो आम्ही मान्य करतो. पण सरकारने नागरिकाकडे काय मागावे आणि कोणाच्या परवानगीने मागावे?

या प्रश्नावर २०११ चा जनलोकपाल मसुदा काढून वाचा. फोन आणि इंटरनेटवरील संदेशांवर पाळत ठेवायला मंजुरी देण्याचा अधिकार त्यात लोकपालच्याच खंडपीठाला दिला होता. म्हणजे तपास करणारी संस्था तीच आणि परवानगी देणारीही तीच! माणूस स्वच्छ असला की अधिकाराला लगाम नको, असा हा विचार. आम्हाला तो मान्य नाही.

बाबासाहेबांनाही तो मान्य नव्हता. मार्च १९४७ च्या ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या निवेदनात त्यांनी मूलभूत हक्कांमध्ये एक कलम घातले होते: सबळ कारण असल्याशिवाय आणि झडतीची जागा व वस्तू नेमकी नोंदवलेल्या वॉरंटशिवाय कोणाच्या घराची, कागदपत्रांची झडती नको. अल्लादी कृष्णस्वामी अय्यर आदींच्या विरोधामुळे ही तरतूद गळाली. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत काझी सय्यद करीमुद्दीन यांनी तशीच दुरुस्ती मांडली. अशी तरतूद फौजदारी कायद्यात आहेच, पण ती विधिमंडळाच्या हाताबाहेर ठेवणे चांगले, असे बाबासाहेब तेव्हा म्हणाले. दुरुस्ती मात्र मंजूर झाली नाही.

त्याची किंमत आज आपण मोजतो आहोत. अमेरिकेत सरकारी वकील ग्रँड ज्युरीच्या नावाने समन्स काढून कागद मागवतो. आपल्याकडे हा अधिकार न्यायालयाला आहे, आणि पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यालाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ मध्ये डिजिटल पुरावा असू शकेल अशी संपर्क साधने स्पष्टपणे आली आहेत. प्रभारी अधिकाऱ्याचा लेखी आदेश पुरतो, न्यायाधीशाची सही लागत नाही. पुढचेच कलम ९५ पाहा. टपाल खात्याच्या ताब्यातले पत्र हवे असेल, तर जिल्हा दंडाधिकारी किंवा न्यायालयाचा आदेश लागतो. एका पत्राला एवढे संरक्षण, आणि ज्या फोनमध्ये बँक, आजारपण, संघटनेचे सगळे ग्रुप आहेत त्याला ठाण्यातला एक कागद?

हा धोका आमच्या कल्पनेतला नाही. एल्गार परिषद प्रकरणात २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी कार्यकर्त्यांचे लॅपटॉप, हार्ड डिस्क जप्त केल्या. रोना विल्सन यांच्या लॅपटॉपमध्ये बाहेरून फाइली पेरल्या गेल्या, असा अहवाल अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंगने २०२१ मध्ये दिला. तपास यंत्रणेने तो मान्य केला नाही. पण आनंद तेलतुंबडे यांना १४ एप्रिल २०२० रोजी, भीमजयंतीच्याच दिवशी, शरण जावे लागले आणि जामिनावर बाहेर यायला नोव्हेंबर २०२२ उजाडला. पुराव्याची शहानिशा नंतर, तुरुंग आधी!

यावर कोणी विचारेल, मग पोलिसांनी तपास करायचाच नाही का? जरूर करावा. आमच्याच जिल्ह्यात, शिर्डीत, २०१५ मध्ये बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली म्हणून एका तरुणाचा खून झाला. अत्याचाराच्या खटल्यात साक्षीदार दबावाखाली फिरतात, तेव्हा कॉल रेकॉर्ड आणि सीसीटीव्ही फिरत नाहीत. म्हणून हा पुरावा आम्हालाच सर्वांत जास्त हवा आहे. पण तो असा हवा की आरोपीच्या वकिलाला त्यावर बोट ठेवता येऊ नये.

म्हणून आमच्या मागण्या सरळ आहेत. एक, फोन किंवा कॉम्प्युटर मागण्याआधी न्यायाधीशाचा आदेश असावा आणि त्यात नेमके काय हवे ते लिहिलेले असावे. दोन, जप्तीच्या वेळीच हॅश व्हॅल्यू, म्हणजे त्या माहितीचा डिजिटल ठसा, पंचनाम्यात नोंदवून मालकाला प्रत द्यावी. तीन, कलम २०(३) चा मान राखून आरोपीवर पासवर्डसाठी जबरदस्ती करू नये. चार, अत्याचारपीडितांना असा पुरावा वेळेत जतन करून घेण्यासाठी थेट न्यायालयात जाता यावे.

राळेगणसिद्धीने सरकारला प्रश्न विचारायला शिकवले असेल, तर हाही प्रश्न ग्रामसभेत विचारा. पोलीस फोन मागायला आले, तर आधी लेखी आदेश मागा आणि त्यावर सही कोणाची आहे ते वाचा.

जय भीम! जय संविधान!