क्रश, डेट आणि आपली भानगड

वाचकहो, फराळाचे ताट पुढे असताना भांडण उकरून काढू नये, एवढे मला कळते. पण ज्या विषयावर घरात वर्षभर कोणी तोंड उघडत नाही, त्यावर निदान चार माणसे एकत्र जमली असताना तरी बोलावे, असे मी ठरवले आहे.

भुसावळात मी तीस वर्षे इंग्रजी शिकवले. हे गाव आगगाडीचे. एक मार्ग इथून नागपूरकडे फुटतो, दुसरा खंडव्याकडे. सिग्नल, यार्ड, गार्ड हे शब्द इथल्या निरक्षर म्हातारीच्या तोंडीही घरच्यासारखे बसले आहेत. त्यांनी आमची मराठी बुडाली नाही. मग एका 'क्रश'ने ती कशी बुडेल?

गेल्या चैत्रातली गोष्ट. शेजारचे अप्पा, रेल्वेतून निवृत्त झालेले, मुलीचा फोन हातात घेऊन माझ्याकडे आले. मुलीने मैत्रिणीला लिहिले होते की, अमक्यावर माझा क्रश आहे. अप्पांना खडीचा क्रशर ठाऊक. शब्दकोशातही त्यांना 'चिरडणे, चुरा करणे' असाच अर्थ सापडला होता.

"सर, कोण कोणाला चिरडतंय?"

मी हसून सांगितले, "अप्पा, मनातल्या मनात कोणी आवडणे, एवढाच अर्थ. बहुतेक वेळा त्या दुसऱ्याला पत्ताही नसतो."

अप्पा क्षणभर थांबले. म्हणाले, "म्हणजे भानगडच ना?"

मुलीचे कॉलेज पंधरा दिवस बंद राहिले.

माझे भांडण अप्पांशी नाही, त्यांच्या त्या 'म्हणजे'शी आहे. लग्नाआधी कोणी कोणाला आवडले, तर आपल्या घरात त्याला शब्द कोणते? भानगड, लफडे, चाळे, थेर, प्रकरण. सगळे फौजदारीतले! प्रीती आणि अनुराग आहेत, पण ते कवितेच्या वहीत. 'आई, भाजी वाढ, आणि माझा अनुराग जडला आहे,' असे जेवताना कोण म्हणेल? 'जीव जडला', 'मन बसले' हे शब्द सोन्यासारखे. पण मुलीने ते स्वतःविषयी उच्चारावेत, अशी सोय आपण ठेवली आहे काय? मुलगी 'क्रश' म्हणते त्यात मडमेची ऐट कमी आणि भीती जास्त. त्या शब्दावर अजून आरोपाचा डाग पडलेला नाही, म्हणून ती त्याच्या आडोशाला जाते.

भाषाशुद्धीचे कैवारी म्हणतील, परका शब्द कशाला? त्यांनी माधव जूलियनांना आठवावे. 1938 साली 'भाषाशुद्धि-विवेक' लिहिणाऱ्या याच कवीने आपल्या आधीच्या प्रेमकवितेत फारसी शब्दांची लयलूट केली होती. आशक, फिदा, दिलदार हे तरी कुठे आपल्या परसात उगवले? खुद्द 'डेट'ही इंग्रजीच्या दिवाणखान्यात जन्मली नाही. 1896 साली शिकागोच्या वृत्तपत्रात जॉर्ज एडने ती वापरली, तेव्हा ती साध्या कामकरी माणसाच्या तोंडची बोली होती.

आता दुसरी बाजू, आणि इथे आरोपी मी स्वतः आहे. हे शब्द मुले फोनवरून उचलतात. त्यांचे वजन त्यांना कोणी सांगत नाही. 'हँग आउट' म्हणजे मिळून वेळ घालवणे, त्यात प्रेम असलेच पाहिजे असे नाही. 'डेट' म्हटली की आवड गृहीत धरली जाते. 'घोस्ट' करणे म्हणजे चकार शब्द न बोलता नाहीसे होणे. आपल्याकडे याला तोंड चुकवणे म्हणतात, आणि ते इथेही भ्याडपणाचेच समजतात. आणि 'हुक अप' तर अनेकदा थेट देहापर्यंत जाते. माझ्या एका विद्यार्थ्याने, ग्रंथालयात बसून टिपणे काढू या, अशा भोळ्या अर्थाने तो शब्द वर्गातल्या मुलीला लिहिला. मुलगी घाबरली. तिच्या भावाने त्याला भर बाजारात गाठले. पोरगा दोन दातांवर सुटला.

तीस वर्षे मी कर्मणी प्रयोग शिकवला. मुलगी 'नो' म्हणाली की वाक्य तिथेच संपते, पुढे स्वल्पविरामसुद्धा नाही, हे मात्र एका तासालाही शिकवले नाही. नकारात होकार शोधण्याची शिकवण पोरांना सिनेमाने दिली, आणि मास्तर फळा पुसत बसले! हे शब्द वर्गात यावेत, अर्थासकट आणि धोक्यासकट यावेत, असे आज मी उघडपणे म्हणतो. ज्यांना हा वाह्यातपणा वाटेल, त्यांनी त्या पोराचे दात पाहून यावे.

आणि ही लाज कोणत्या मुलखात? शाळेची पायरी न चढलेल्या बहिणाबाई चौधरींनी ज्या मातीच्या बोलीत मनाचे सारे नखरे सांगितले, त्या आपल्या जळगाव जिल्ह्यात! त्यांच्या गाण्यांचे पुस्तक 1952 साली निघाले. आज विद्यापीठालाही त्यांचे नाव आहे. नाव पाटीवर चढले, पण मनातले बोलायला त्यांच्या नातींना इंग्रजीचा आडोसा लागतो. हा दोष इंग्रजीचा म्हणायचा काय?

म्हणून एवढेच मागणे. यंदा फराळाला बसल्यावर मुलीच्या तोंडून 'क्रश' निसटला, तर शब्दकोश उघडू नका. "कोण गं तो?" असे विचारा, आणि चकलीची बशी तिच्याकडे सरकवा.