लहान अभयारण्य आणि आपली सहल

सुटीच्या दिवशी शहराबाहेर पडावे, झाडांच्या सावलीत चार घटका निवांत बसावे, ही इच्छा स्वाभाविक आहे. आठवडाभर कारखान्यात, दुकानात किंवा कार्यालयात राबणाऱ्या माणसाला मोकळ्या हवेची गरज असते. परंतु दूरच्या थंड हवेच्या ठिकाणी जाणे प्रत्येकाला परवडत नाही. अशा वेळी शहराजवळचे लहानसे अभयारण्य उपयोगी पडते. सकाळी एस.टी.ने निघावे, शिदोरी सोबत घ्यावी आणि दिवेलागणीपूर्वी घरी परतावे. मात्र आपण जेथे विसाव्यासाठी जातो, ते रान कोणाचे तरी घर असते. आपली सहल आणि त्यांचे घर यांचा मेळ कसा घालावा, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

रायगड जिल्ह्यातील कर्नाळा पक्षी अभयारण्याचे उदाहरण घेऊ. पनवेलपासून ते अवघ्या बारा किलोमीटरांच्या आसपास आहे. १९६८ साली ते घोषित झाले, तेव्हा त्याचे क्षेत्र सुमारे साडेचार चौरस किलोमीटर होते. २००३ साली ते वाढवून सुमारे १२ चौरस किलोमीटर करण्यात आले. रानाच्या माथ्यावर कर्नाळा किल्ला असून त्याचा अंगठ्यासारखा सुळका दुरूनही ओळखू येतो. जवळचे शिरढोण हे आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मगाव. वनाधिकारी व लेखक मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांचाही या अभयारण्याच्या जडणघडणीत वाटा होता. इतिहास, निसर्ग आणि सहज पोहोचता येण्याजोगे अंतर यांमुळे येथे सहलींची गर्दी होते, यात नवल नाही.

परंतु येथेच एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. ताडोबा–अंधारी व्याघ्र प्रकल्पातील संरक्षित वनक्षेत्र सुमारे ६२५ चौरस किलोमीटर आहे. तेथे माणसाची चाहूल लागली, तर प्राण्याला आत खोल रानात सरकता येते. कर्नाळ्यात तशी मुभा नाही, कारण एक तर रान लहान आणि त्यातून मुंबई–गोवा महामार्गही जातो. गोव्यातील चोडण बेटावरील डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य, कर्नाटकातील रंगनथिट्टू, हरियाणातील सुलतानपूर ही ठिकाणे तर दोन चौरस किलोमीटरांहूनही लहान आहेत. मोठ्या रानात खपून जाणारी आपली गैरवागणूक लहान रानाला सोसत नाही. म्हणून रान जितके लहान, तितका आपला संयम मोठा असायला हवा.

आवाजाचेच पाहा. पक्षी गातात ते आपल्या करमणुकीसाठी नव्हे. आपली हद्द सांगणे, जोडीदाराला साद घालणे, धोक्याचा इशारा देणे ही कामे ते आवाजानेच करतात. भीमराज पक्षी इतर पक्ष्यांच्या आवाजांची हुबेहूब नक्कल करतो. पण ध्वनिक्षेपकावर गाणी चालू असतील, तर तो ऐकू कसा येणार? शिवाय पावसाळ्याच्या तोंडाशी आणि पावसाळ्यात अनेक पक्ष्यांचा विणीचा हंगाम असतो. नवरंग पक्षी याच सुमारास येऊन घरटे बांधतो. नेमकी तेव्हाच हिरवाई पाहण्यासाठी आपलीही झुंबड उडते. घरट्याजवळ गलका झाला, तर पक्षी अंडी उबवणे सोडून दूर जाण्याचा धोका असतो.

खाण्याच्या बाबतीतही तेच. माकडांना फरसाण देणे हा अनेकांना दयेचा भाग वाटतो. परंतु आयते खाण्याची चटक लागलेली माकडे रानातली फळे-पाने शोधण्याऐवजी रस्त्याकडेला बसतात आणि वाहनाखाली सापडतात. सुळक्यावर आग्या मधमाश्यांची पोळी असतात. त्यांच्याजवळ धूर किंवा दंगा करणे माणसाच्याच जिवावर बेतू शकते.

हे सारे पाहून काही जण म्हणतात, की अशी रानेच लोकांना बंद करावीत. या म्हणण्यामागची कळकळ खरी आहे, तरी तो उपाय योग्य वाटत नाही. ज्याने कधी रान पाहिलेच नाही, त्याला त्या रानाच्या नाशाचे दुःख कसे होईल? ज्या मुलाने नवरंग डोळ्यांनी पाहिला, ते मूल उद्या झाड तोडताना क्षणभर तरी थांबेल. शिवाय दारे बंद झाली, तर गैरसोय होईल ती सामान्य माणसाची. पैसेवाल्याला दूरची राने मोकळीच राहतील. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ हा कायदाही अभ्यास, छायाचित्रण व पर्यटन यांसाठी अभयारण्यात प्रवेशाची परवानगी देतो. मात्र तेथे आग लावणे किंवा वन्यजीवांच्या अधिवासाची नासधूस करणे यांना मनाई करतो. म्हणजे कायद्याने दार उघडे ठेवले आहे, आणि आत कसे वागावे हेही सांगितले आहे.

तेव्हा प्रश्न जाण्याचा नसून वागण्याचा आहे. त्यासाठी फार मोठा त्याग करावा लागत नाही. भल्या सकाळी जावे, कारण पक्षी तेव्हाच अधिक दिसतात. नेमलेली पायवाट सोडू नये. हलक्या आवाजात बोलावे. शिदोरी कापडात किंवा डब्यात न्यावी आणि उरलेसुरले परत आणावे. लहान मुलांना पळू-ओरडू देण्याऐवजी एखादे झाड, एखादे पाखरू ओळखायला शिकवावे. वने व वन्यजीव यांसह नैसर्गिक पर्यावरणाचे रक्षण करणे आणि प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणे, हे संविधानाच्या अनुच्छेद ५१ क नुसार प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे. ते पाळण्याची संधी सामान्य माणसाला रोजच्या धबडग्यात क्वचितच मिळते. एका दिवसाच्या सहलीत ती मिळते, आणि त्यासाठी वेगळा खर्चही पडत नाही.