गोल बसण्याआधी

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी निर्देश दिले. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक असावा, कोचिंग क्लासने शक्यतो गुणांवरून तुकड्या पाडू नयेत, चारचौघांत मुलांचा पाणउतारा करू नये, असे त्यांत आहे. लातूर आणि नांदेडमध्ये हे निर्देश इतर शहरांपेक्षा अधिक बारकाईने वाचले गेले असतील. ‘लातूर पॅटर्न’च्या ओढीने आणि आता नांदेडच्या क्लासेससाठी आलेली मुले इथे गल्लोगल्ली भाड्याच्या खोल्यांत राहतात, मेसचा डबा खातात आणि दर आठवड्याला चाचणीतल्या क्रमांकावर स्वतःची किंमत ठरवतात. ‘किमान एक’ हे दोन शब्द संस्थाचालकांना चटकन पाठ होतात. मग नेमलेला तो एकटा समुपदेशक महिनाभरात ठरवतो, की मुलांना गटात बसवू.

ते चुकीचे नाही. पण कारण चुकीचे आहे. माणसे कमी म्हणून गट, हा हिशेब आपल्या क्षेत्रात इतका रुळला आहे की गटोपचाराला स्वतःचे शास्त्र आहे, हेच मागे पडते.

इतिहासाचा एक योगायोग इथे सांगण्याजोगा आहे. गटोपचार आणि कलोपचार या दोहोंची पाळेमुळे क्षयरोग्यांच्या खाटांपाशी सापडतात. बोस्टनमध्ये १९०५ साली जोसेफ प्रॅट या डॉक्टराने गरीब क्षयरुग्णांचे वर्ग सुरू केले. हेतू स्वच्छता आणि आहार शिकवण्याचा होता. पण एकमेकांना पाहून रुग्णांना उभारी येते हे त्याच्या लक्षात आले. पुढे इंग्लंडमधल्या मिडहर्स्टच्या सॅनिटोरियममध्ये उपचार घेणारा चित्रकार एड्रियन हिल अंथरुणावर चित्रे काढू लागला, इतर रुग्णांनाही त्याने त्यात ओढले, आणि ‘आर्ट थेरपी’ हा शब्द १९४२च्या सुमारास त्यानेच रूढ केला. दोन्ही पद्धती श्रीमंतांच्या सोफ्यावर जन्मलेल्या नाहीत. सरकारी रुग्णालयाच्या बाकावर त्या परक्या वाटायचे कारण नाही.

तसे बाक विष्णुपुरीत आहेत. गोदावरीकाठच्या या गावात डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, १९९४ साली स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे आणि अभियांत्रिकीचे श्री गुरू गोविंदसिंगजी महाविद्यालयही आहे. डॉक्टर, संशोधक आणि ताणाखाली असलेला विद्यार्थी इतक्या जवळ राहतात असे गाव मराठवाड्यात दुसरे शोधावे लागेल. मात्र किनवटहून आलेल्या बाईला हा शेजार कामाचा नाही. शंभर किलोमीटरच्या पलीकडून एसटीने नांदेड, तिथून ऑटोने विष्णुपुरी, मग केसपेपरची रांग. तिला ‘दर मंगळवारी अकरा वाजता गटाला या’ म्हणणे म्हणजे दर मंगळवारची मजुरी बुडवा म्हणणे. आठवड्याला एक बैठक ही चौकट शहराने स्वतःच्या सोयीने बनवली. ती इथे आणताना परतीच्या गाडीची वेळ कुणीतरी विचारायला हवी.

सर्वांत अवघड प्रश्न मात्र अंतराचा नाही, ओळखीचा आहे.

पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगणने व्यसनी माणसांच्या आणि ‘सहचरी’ गटातून त्यांच्या बायकांच्या गटकामाची मोठी परंपरा उभी केली. मुंबई-पुण्यात गटातला शेजारचा माणूस बहुधा पुन्हा रस्त्यात भेटत नाही, हा त्या कामाचा न दिसणारा आधार असतो. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसमध्ये माणूस फक्त पहिले नाव सांगतो, आणि ते पुरते. नांदेडच्या बसस्टँडवर पहिले नाव सांगून बघा. लगेच विचारणा होते, कोणत्या गावचे, कुणाचे, अमक्याचे कोण लागता? तिसऱ्या वाक्याला सोयरीक निघते. अशा मुलखात गोपनीयतेची शपथ घेऊन भागत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधील कलम २३ गोपनीयतेचा हक्क देते, पण ते कर्तव्य आरोग्य व्यावसायिकांवर टाकते. गटात समोर बसलेल्या चुलतभावावर नाही. ही फट समुपदेशकालाच बुजवावी लागते, आणि तीही गट बसण्याआधी, प्रत्येकाशी स्वतंत्र बोलून. कोण कुणाच्या गावचा, कोण कुणाचे देणे लागतो, कोण एका खोलीत राहतात, हे विचारल्याशिवाय गोल करू नये.

म्हणूनच बचत गटालाच उपचारगट बनवण्याची कल्पना आकर्षक असली तरी जपून घ्यावी. बायका आधीच जमतात, जागा आहे, वेळ ठरलेली आहे, सगळे खरे. पण ज्या गटात हप्ता थकल्याची नोंद होते, तिथे नवऱ्याच्या सावकारी कर्जाची गोष्ट कोणती बाई काढेल? क्लासच्या मुलांचेही तेच. एकाच बॅचमधली आठ मुले गोल बसवली तर ती बोलत नाहीत, एकमेकांना मोजतात. वेगवेगळ्या संस्थांतली, वेगवेगळ्या वर्षांची मुले एकत्र आणणे त्रासाचे आहे. त्यासाठी दोन क्लासचालकांना एकमेकांशी बोलावे लागेल. ते गटोपचारापेक्षा कठीण, असे कुणी म्हटले तर त्याला हसू नये.

बोलणे कशाच्या निमित्ताने होते याचा एक मोठा धडा याच विभागाने दिलेला आहे. ३० सप्टेंबर १९९३ला, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतरच्या पहाटे, किल्लारी-सास्तूरचा परिसर कोसळला. पुढच्या महिन्याभरात वाचलेल्यांच्या एका लहान गटाची मनोविकारतज्ज्ञांनी तपासणी केली, तेव्हा निम्म्याहून अधिकांमध्ये निदान करण्याजोगा मानसिक विकार आढळला. आघातोत्तर ताण आणि नैराश्य त्यांत पुढे होते. बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. ज्या गावांत घरे दुरुस्त करायची होती, तिथे स्वयम् शिक्षण प्रयोग या प्रेमा गोपालन यांच्या संस्थेने गावातल्याच बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून उभे केले. त्यांचे काम घराविषयी होते: भेग कुठे आहे, भिंत कशी बांधायची, अनुदानाचा हप्ता कुठे अडला. त्याला उपचार म्हणणे अतिशयोक्ती होईल. पण ज्या छपराखाली माणसे गेली त्या छपराविषयी चार बायका पुन्हा बोलू लागतात, तेव्हा काय घडत असेल याचा अंदाज या मासिकाच्या वाचकांना सांगायला नको. ‘तुम्हाला काय वाटतं?’ असा थेट प्रश्न त्यांना कुणी विचारला असता, तर ‘काय वाटणार, नशीब’ एवढेच उत्तर मिळाले असते.

हातात काम असले की तोंड मोकळे होते. झिम्बाब्वेत डिक्सन चिबांडा यांनी सुरू केलेल्या ‘फ्रेंडशिप बेंच’मध्ये प्रशिक्षित आज्या बाकावर बसून आधी एकेकटीशी बोलतात, त्यानंतर बायका गटात येतात आणि तिथे पिशव्या विणता विणता बोलतात. त्या उपक्रमाची नियंत्रित चाचणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. आपल्याकडच्या कलोपचारात मात्र अजून रंगपेटी आणि छापील मंडलांचे राज्य आहे. पेन्सिल धरून तीस वर्षे झालेल्या माणसापुढे कोरा कागद ठेवला की तो पुन्हा शाळेत नापास होतो. त्यावर समुपदेशकाने ‘काळा रंग फार वापरलात’ असा अर्थ काढला, तर उरलेसुरले संपते. काळा रंग इथे मातीचा आहे.

बाईच्या हाताला गोधडी माहीत आहे. आईचे जुने लुगडे, मेलेल्या सासऱ्याचे धोतर, लेकराचा फाटका गणवेश अशा कुठल्या कापडाचा तुकडा कुठे लावायचा हे ठरवतानाच घराची कथा बाहेर येते. पुरुषांसाठी पोळा आहे. बैल विकून बसलेल्या शेतकऱ्याला त्या आठवड्यात मातीची जोडी घडवायला दिली, तर काय निघेल याची पूर्वतयारी उपचारकाने केलेली असावी. कारण निघाले तर ते खूप निघेल, आणि त्या दिवशी बैठक ठरलेल्या वेळी आवरता येणार नाही. २०२१च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या राष्ट्रीय आयोगाच्या कायद्याने कला आणि नृत्य-हालचाल उपचारकांना व्यवसायांच्या यादीत स्थान दिले आहे. दोन दिवसांच्या कार्यशाळेवर हे काम करणाऱ्यांनी त्याची दखल घेतलेली बरी.

गटाचे पुरावे नाहीत असे नाही. युगांडाच्या ग्रामीण भागात तीस गावांत झालेली आणि २००३ साली प्रसिद्ध झालेली चाचणी आपल्या भागाला सर्वांत जवळची वाटावी. नैराश्यग्रस्तांचे गट, पुरुषांचे वेगळे, स्त्रियांचे वेगळे. आठवड्याला दीड तास, सोळा आठवडे. गट चालवणारे त्याच भागातले, तीच भाषा बोलणारे. नैराश्यात मोठी घट दिसली. जवळच्या विदर्भातला ‘विश्राम’ प्रकल्पही आहे: अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत, गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांच्या जोरावर, नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले.

युगांडातल्या त्या ‘तीच भाषा’ या अटीपाशी नांदेडला थांबावे लागते. किनवट-माहूरकडे तांड्यावरची बाई गोरमाटीत रडते, देगलूर-बिलोलीत तेलुगू घरात आहे, जुन्या नांदेडात दखनी आणि पंजाबी. समुपदेशक प्रमाण मराठीत प्रश्न विचारतो आणि प्रमाण मराठीतले उत्तर टिपून घेतो. विष्णुपुरीच्या विद्यापीठात या सगळ्या भाषा बोलणारी मुले-मुली शिकतात. त्यांतल्या दहा जणांना सह-संचालक म्हणून तयार करायचे, शेजारच्या मानसोपचार विभागातल्या तज्ज्ञाने महिन्यातून एकदा त्यांच्या नोंदी घेऊन बसायचे, आणि गट विष्णुपुरीत न भरवता किनवटच्या आठवडी बाजाराच्या दिवशी किनवटलाच भरवायचा. यासाठी नवी इमारत लागत नाही. प्रवासभत्ता मात्र लागतो, आणि तो कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकायचा यावरच बहुतेक प्रस्ताव अडतात.

असा गट कुणी चालवत असेल, तर बैठकांच्या नोंदी, नावे-गावे बदलून, या मासिकाकडे पाठवाव्यात. मोडलेल्या गटांच्या नोंदी आधी छापल्या जातील.