श्वानांचे स्थौल्य : औषध नव्हे, निदानपरिवर्जन

सांप्रत शहरांतील आयुर्वेदीय औषधालयांत एक नवी मागणी ऐकू येऊ लागली आहे : ‘आमचा कुत्रा फार लठ्ठ झाला आहे, मेद उतरवणारे काहीतरी द्या.’ अशा वेळी गुग्गुळकल्पाची डबी पुढे करणे सोपे असते. परंतु वैद्य व औषधविक्रेते या दोन्ही नात्यांनी आपण हा मोह कटाक्षाने टाळावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात स्थौल्याची हेतुमीमांसा केली आहे. अतिभोजन, गुरु-मधुर-स्निग्ध आहार, अव्यायाम, अव्यवाय, दिवास्वाप व बीजस्वभाव हे त्यांतील हेतू सदनिकेतील श्वानाच्या दिनचर्येशी ताडून पाहावेत. निर्बीजीकरणानंतर श्वानाची ऊर्जेची गरज घटते, ताटली मात्र तेवढीच राहते. बीजस्वभावाचेही प्रत्यंतर आहे. सुमारे एक चतुर्थांश लॅब्रॅडॉर श्वानांत एका विशिष्ट जनुकाचा अंश गळालेला असून असे श्वान अधिक अन्नलोलुप असतात, हे केंब्रिज येथील संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिले.

तथापि मुख्य हेतू म्हणजे घरातील प्रत्येकाने प्रेमापोटी भरवलेला खाऊ. तो ‘जेवणात’ कोणी धरत नाही. दहा किलो वजनाच्या निर्बीजीकृत प्रौढ श्वानास दिवसाला साधारण ६०० कॅलरी पुरतात व खाऊचा वाटा त्याच्या दशांशाहून, म्हणजे ६० कॅलरींहून, अधिक नसावा. पाच ग्रॅमच्या एका ग्लुकोज बिस्किटात वीसहून अधिक कॅलरी असतात. अर्थात तीन बिस्किटांतच मर्यादा ओलांडली जाते. वर तूपपोळी, पेढा, चीजचा तुकडा आहेच!

याचे मोल श्वान आयुष्याने चुकवतो. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ४८ लॅब्रॅडॉर श्वानांच्या जोड्या जन्मभर निरीक्षणाखाली होत्या. जोडीदारापेक्षा २५ टक्के कमी अन्न मिळालेल्या गटाचे मध्यक आयुष्य सुमारे १.८ वर्षांनी अधिक भरले. संधिविकारादी जीर्ण व्याधींची लक्षणेही त्यांच्यात उशिरा प्रकटली.

मग मानवी लेखन औषधे का देऊ नयेत? आपल्या परंपरेने अश्वांसाठी शालिहोत्राचे, तर गजांसाठी पालकाप्याचे स्वतंत्र शास्त्र मानले. मानवाची मात्रा प्राण्यास जशीच्या तशी लावण्याचा प्रघात आपला नव्हे. आपण पथ्यकर म्हणून गौरवितो त्या मनुका श्वानाच्या वृक्कांना घातक ठरू शकतात; कांदा-लसूणही त्यास विषवत् आहेत. शिवाय काही श्वानांत स्थौल्यामागे थायरॉइडची मंदता असते. तिचे निदान पशुवैद्यकाकडेच व्हावयास हवे. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ नेही पशुचिकित्सेचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकांकडेच सोपविला आहे.

तथापि मागणी नाकारून ग्राहकास रिक्त हस्ते धाडावे, असे आमचे म्हणणे नाही. दिवसभरात कोण काय भरवतो, याची यादी त्यास करावयास सांगावी. बरगड्या हलक्या स्पर्शाने हाताला लागतात काय व वरून पाहता कंबर दिसते काय, हे पाहण्यास शिकवावे. खाऊ रोजच्या शिध्यातूनच वेगळा काढावा किंवा त्याऐवजी मीठ न लावलेले काकडी-गाजराचे तुकडे द्यावेत. फिरवणे उन्हापूर्वी व उन्हानंतर असावे. वजन पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली, आठवड्यास एक ते दोन टक्के या गतीने उतरवावे. एकाएकी उपवास घडवू नये. ज्या व्यवसायबंधूंच्या दुकानी श्वानांची बिस्किटे विक्रीस आहेत, त्यांनी पाकिटाबरोबर दशांशाचा नियमही अवश्य सांगावा.

निदानपरिवर्जन ही चिकित्सेची पहिली पायरी, हे आपण रुग्णास नित्य सांगतो. डबी विकली जात असतानाही तेच सांगणे, यातच आपल्या व्यवसायाची पत आहे.