रानपिंगळ्याचा ठावठिकाणा

एखादा प्राणी दुर्मिळ झाला असें ऐकलें, कीं ‘किती उरले?’ हा प्रश्न प्रथम मनांत येतो. वस्तुतः ‘कोठें उरले?’ हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. चीनमधील पांडा हें याचें प्रसिद्ध उदाहरण होय. एके काळीं तो ब्रह्मदेशापर्यंत आढळत असे. सखल प्रदेश शेतीखालीं गेला, तसा तो डोंगरांतील बांबूच्या वनांत मागें हटला. तीं वनें राखल्यावर मात्र त्याची संख्या १,५९६ वरून २०१४ पर्यंत १,८६४ झाली.

परंतु अशा उदाहरणासाठीं चीनपर्यंत जाण्याचें कारण नाहीं. तारापूरचा किनारा पाठीशीं टाकून वाडा-शहापूरच्या बाजूस गेलें, कीं तानसा अभयारण्याचें सागवानी रान लागतें. तेथें २०१४ च्या ऑक्टोबरांत रानपिंगळा दृष्टीस पडला. हा आपल्या नेहमींच्या पिंगळ्याएवढाच, वीतभर उंचीचा. पण याच्या माथ्यावर ठिपके जवळजवळ नसतात आणि घुबडाच्या कुळांतला असूनहि हा दिवसां शिकार करतो.

त्याचा इतिहास मनोरंजक आहे, आणि बोधप्रदहि. १८७२ सालीं ब्लुइट यांस तो आजच्या छत्तीसगडांत मिळाला. पुढील वर्षीं ह्यूम यांनीं त्याचें नामकरण केलें. नंतर खानदेशांत डेव्हिडसन यांनीं कांहीं नमुने मिळविले. १८८४ नंतर मात्र एकहि खात्रीचा नमुना नाहीं! मध्यंतरीं माइनर्टझागेन नांवाच्या गृहस्थानें संग्रहालयांतील एक नमुना चोरला आणि ‘१९१४, मांडवी, गुजरात’ अशी खोटी चिठ्ठी लावून तो स्वतःचा म्हणून मिरविला. पामेला रासमुसेन या विदुषींनीं ही लबाडी उघडकीस आणली, खोटी नोंद बाजूस सारली आणि खऱ्या चिठ्ठ्यांचा माग धरला. १९९७ च्या नोव्हेंबरांत शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशीं पक्षी त्यांच्या समोर बसला होता. एकशें तेरा वर्षांचें मौन एका खऱ्या नोंदीनें सुटलें.

पुढें तो मेळघाट, तोरणमाळ, यावल येथें आढळला. तानशाची नोंद त्यानंतरची. तरीहि प्रौढ पक्षी हजारांहून कमी असावेत, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. कारण उघड आहे. त्याला घनदाट अरण्य नको. विरळ, कोरडें सागवानी रान, घरट्यासाठीं जुन्या झाडाची ढोली आणि सरडे-उंदीर टिपावयास मोकळी जमीन हवी. असें रान उन्हाळ्यांत निष्पर्ण, उजाड दिसतें. म्हणूनच त्याची किंमत कोणास वाटत नाहीं. वठलेलीं झाडें सरपणास जातात, वणवे लागतात, रस्ते रानाचे तुकडे पाडतात. आणि एका तुकड्यांतील पक्ष्यास दुसरा तुकडा परदेशच होतो.

तानशाचें रान टिकलें, याचें श्रेय मोठ्या अंशीं पाण्यास आहे. १८९२ पासून त्या तलावाचें पाणी मुंबईस जातें. भोंवतालचें रान राखलें गेलें तें प्रथम माणसाच्या तहानेसाठीं. पांखराचें घर त्यांत अनायासें वांचलें. पण अनायासें वांचलेलें अनायासेंच जातेंहि.

पिंगळ्याचें ओरडणें अशुभ मानण्याची चाल आपल्या घरांतून अजून पुरती गेलेली नाहीं; जादूटोण्यासाठीं घुबडें मारलींहि जातात. सुशिक्षित कुटुंबांनीं मुलांच्या मनांतून निदान हें भय काढावें. सुटींत त्यांना जिल्ह्यांतील रान दाखवावें, ढोलीचें झाड लांबून न्याहाळावयास शिकवावें आणि जें पाहिलें तें स्थळ व तिथीसह वहींत लिहावयास लावावें. न पाहिलेलें लिहूं नये, एवढें मात्र बजावावें. खोट्या चिठ्ठीनें एका पांखराचा पत्ता कसा हरवला होता, तें आपण पाहिलेंच आहे.