दाखला आधी की लस आधी?

माझा भाचा मुंबईत डबे पोहोचवतो. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ या तालुक्यांतल्या वाचकांना यात नवल वाटायचे नाही. आमच्याकडे घरटी नाही तरी भावकीत एक तरी डबेवाला निघतोच. २०२० च्या टाळेबंदीत तो गावी आला आणि वर्षभर टोमॅटोच्या वावरात राबला. ऑगस्ट २०२१ मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी जाहीर केले की, ज्यांचे लसीचे दोन डोस होऊन चौदा दिवस उलटले आहेत, त्यांना १५ ऑगस्टपासून लोकलने प्रवास करता येईल. त्याच रात्री भाच्याचा प्रश्न आला, "मामा, माझा एकच झालाय. मग मी जायचं कधी?"

मी भिंतीवरचे कॅलेंडर काढले. अठरा ते चव्वेचाळीस वयाच्या माणसांसाठी लस खुली झाली १ मे २०२१ ला. पण साठा पुरेना म्हणून आपल्या राज्याने मे महिन्यातच या वयोगटाचे लसीकरण थांबवले. केंद्राने सर्व प्रौढांना मोफत लस देणे सुरू केले २१ जूनपासून. भाच्याचा पहिला डोस त्यानंतरच्या आठवड्यातला. पण हिशेबाला आपण २१ जूनच धरू. कोविशील्डच्या दोन डोसांत किमान चौऱ्याऐंशी दिवसांचे अंतर ठरलेले, म्हणजे दुसरा डोस १३ सप्टेंबरच्या आधी नाही. त्यावर चौदा दिवस. म्हणजे ज्याने सरकारचे सगळे ऐकले, पहिल्या दिवशी रांगेत उभा राहून टोचून घेतले, त्यालाही २७ सप्टेंबरपर्यंत गाडीत पाऊल ठेवता येणार नव्हते. दोष त्याचा काय? वय पंचेचाळिसाच्या आत, एवढाच.

चौऱ्याऐंशी दिवसांचे अंतर खोडसाळपणाने ठेवलेले नव्हते, हे मान्य. अंतर वाढवले तर या लसीचे संरक्षण अधिक चांगले मिळते, असे तेव्हाचे शास्त्र सांगत होते. आणि लस अपुरी होती, हेही होतेच. पण त्याच वर्षी जून महिन्यात केंद्राने एक सवलत दिली होती. परदेशी शिकायला किंवा नोकरीला जाणाऱ्यांना आणि टोकियो ऑलिंपिकच्या खेळाडूंना दुसरा डोस अठ्ठावीस दिवसांनंतर घेता येईल, अशी. बोस्टनला जाणाऱ्याची निकड सरकारला कळली. ओतूरहून अंधेरीला जाणाऱ्याचीही पोटाचीच निकड असते, हे कुणाच्या ध्यानात आले नाही.

मी लसविरोधक नाही, हे इथेच सांगून टाकतो. ज्या पुणे जिल्ह्यात हडपसरला जगातली लस बनवणारी एक सर्वांत मोठी संस्था उभी आहे, तिथल्या माणसाने लसीच्या नावाने बोटे मोडणे म्हणजे कृतघ्नपणा. आमच्या आधीच्या पिढीत देवीचे व्रण असलेले चेहरे दर आळीत दिसत. आज ते दिसत नाहीत, ते कुणाच्या नवसाने नव्हे. प्रश्न लस घ्यावी की नाही हा नाहीच. प्रश्न असा, की लस घेतल्याचा कागद दाखवल्याशिवाय माणसाला गाडीत, दुकानात, शाळेत येऊ द्यायचे की नाही?

हा प्रश्न आपल्याला नवा नाही. १८९७ च्या जानेवारीत डॉ. हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच वर्षी साथरोग कायदा झाला, पुण्यात घरझडत्या झाल्या आणि रँडचा खून झाला. शाळेत हा इतिहास आपण चापेकरांच्या बाजूने शिकतो, ते योग्यच. पण त्याच काळातली एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. पुढे काही ठिकाणी हाफकिनची लस टोचून घेतलेल्यांना दाखले मिळत आणि ते दाखवले की प्लेगच्या अटकावातून सूट मिळे. म्हणजे दाखला ही सवलत होती. सगळ्यांसाठी बंद असलेले दार काहींसाठी किलकिले करण्याची ती सोय होती.

ऑगस्ट २०२१ मधला लोकलचा निर्णयही मुळात असाच होता, हे न्यायाने म्हटले पाहिजे. त्याआधी चार महिने सामान्य माणसाला लोकल बंदच होती. सगळ्यांना कोंडून ठेवण्यापेक्षा काहींना सोडले, यात गैर काय, असे कुणी विचारले तर माझ्याजवळ चोख उत्तर नाही. माझी तक्रार पुढची आहे. सवलत म्हणून आलेली अट हळूहळू बंदी होऊन बसली. नोव्हेंबर २०२१ मध्ये तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात एकही डोस न घेतलेल्यांना रेशन, गॅस आणि पेट्रोल न देण्याचा आदेश निघाला. महिनाअखेरीस राज्यभर सार्वजनिक वाहनांसाठी दोन डोसांची अट आली. आमच्याकडे तिची गंमतच झाली. एसटी कर्मचाऱ्यांचा संप चालू होता, स्टँडवर गाडीच नव्हती. लोक जीपमध्ये दाटीवाटीने बसून जात होते. तिथे दाखला विचारणार कोण?

आणि रेशन! रेशनच्या रांगेत कोण उभे असते? भीमाशंकरच्या खालच्या वाड्यांत, डिंभे धरणाच्या पलीकडे, हिरडा गोळा करून वर्षाचा मीठमसाला भागवणारे घर डोळ्यांसमोर आणा. लसीची नोंदणी मोबाइलवर आणि मोबाइलला रेंज नाही. त्या मे महिन्यात ग्रामीण केंद्रांवरच्या जागा शहरातल्या चपळ बोटांनी घरबसल्या अडवल्या. केंद्राबाहेर पुण्याच्या मोटारी आणि गावातली माणसे ओट्यावर बसून बघताहेत, हे मी पाहिले आहे. अशा घराला 'लस नाही तर धान्य नाही' म्हणणारा आदेश आमच्या जिल्ह्यात निघाला नाही, हे नशीब.

अट घालण्याआधी आणखी एक गोष्ट पाहायला हवी. माझ्या लसीने शेजारचा प्रवासी वाचतो का? पंढरीच्या वारीला निघणाऱ्यांना एके काळी कॉलऱ्याची सुई टोचून घ्यावी लागे. आजीच्या तोंडी तिच्या ठणक्याचे वर्णन वारीच्या वर्णनाइतकेच रंगलेले असे. पण ती जुनी लस थोडे महिनेच आणि अर्धवटच उपयोगी पडे आणि साथीचा फैलाव तिने थांबत नव्हता. म्हणून १९७३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी कॉलऱ्याच्या दाखल्याची अट काढून टाकली. पीतज्वराची अट मात्र कायम आहे आणि ती मला पटते. हा रोग भारतात नाही, पण तो पसरवणारा डास आहे. आफ्रिकेतल्या रोगग्रस्त देशांतून येणाऱ्या एका प्रवाशाच्या दंडावरची सुई इथल्या कोट्यवधींची राखण करते, आणि एकदा घेतली की जन्मभर पुरते. हजला जाणाऱ्यांना मेंदूज्वराची लस घ्यावी लागते. जुन्नरचे यात्रेकरूही ती निमूट घेऊन जातात. कोविडच्या लसीने जीव वाचवले, यात शंका नाही. पण २०२१ च्या अखेरीस ओमायक्रॉन आला तेव्हा दोन डोस घेतलेले घरच्या घर आजारी पडत होते आणि एकमेकांना आजार देत होते. लस स्वतःच्या जिवासाठी घ्यायचीच होती. गाडीत दाखला मागण्याचे कारण मात्र तेव्हाच विरले होते.

अट तरीही एप्रिल २०२२ पर्यंत टिकली. मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारीत लोकलबाबतच्या आदेशांवर ताशेरे ओढले, तर सरकारने मार्चमध्ये नवा आदेश काढून ती पुन्हा घातली. २ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की कुणालाही लस घेण्याची सक्ती करता येणार नाही. समाजाच्या हितासाठी निर्बंध घालता येतील, पण ते धोक्याच्या प्रमाणात हवेत. हा निकाल मला शहाणपणाचा वाटतो.

प्रमाण कसे राखता येते, हे आपल्याच सरकारने त्याच वर्षी दाखवले, फक्त बैलांच्या बाबतीत. २०२२ च्या पावसाळ्यात लम्पी आला. जनावरांचे बाजार बंद झाले, बेल्ह्याचा सोमवारही सुना गेला. पण पशुवैद्यकीय खात्याची माणसे लस घेऊन गोठ्यागोठ्यात फिरली, फुकट टोचून गेली. मग नियम आला की कानात बिल्ला आणि लस टोचून अठ्ठावीस दिवस झालेले असले की जनावर हलवायला मोकळे. कुणा बैलाला मोबाइलवर नोंदणी करावी लागली नाही. आधी लस दावणीला आली, मग बाजाराला अट आली. माझे एवढेच म्हणणे आहे, की माणसांच्या बाबतीतही हाच क्रम हवा होता.

आणि जिथे अट खरोखर हवी, तिथे ती नाही. गोवराचा एक रुग्ण लस न घेतलेल्या बारा ते अठरा जणांना आजार देऊ शकतो. त्याची लस फैलाव थांबवते, मात्र शंभरातल्या पंचाण्णव मुलांना ती मिळालेली असावी लागते. नोव्हेंबर २०२२ मध्ये मुंबईत गोवंडीच्या वस्तीत गोवराने मुले दगावली. आजारी पडलेल्यांत लस न मिळालेली पुष्कळ होती. शाळेच्या प्रवेशाला लसीचे कार्ड मागावे, असे मला वाटते. नसेल तर मुलाला दारातून परत पाठवू नये, पालकाची संमती घेऊन आठवड्याभरात आरोग्य केंद्राची सिस्टर शाळेत बोलवावी. डोंगरातल्या आश्रमशाळेत पेटी घेऊन आलेल्या पोराला परत घालवले, तर त्याची लसही गेली आणि शाळाही.

भाचा ऑक्टोबरात मुंबईला परतला. गिऱ्हाइके घरी बसून काम करू लागली होती, निम्मे डबे कमी झाले होते. स्टेशनवर पास काढताना दाखला एकदा तपासला, पुढे कधी कुणी मागितला नाही. तो त्याने प्लॅस्टिकमध्ये घालून अजून पाकिटात ठेवला आहे. त्याच्या मुलीला पहिलीत घातले, तेव्हा शाळेने जन्माचा दाखला मागितला, आधार कार्ड मागितले, दोन फोटो मागितले. लसींच्या नोंदीचे कार्ड तिच्या आईने पिशवीत घालून नेले होते. ते तसेच घरी परत आले.